काकांच्या नोट्स पुन्हा छापायच्या: आयपीएक्स, ट्रॉफ आणि प्रिंटरच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४, रविवार

काकांच्या माळ्यावरून सन कंपनीचं स्पार्कस्टेशन आयपीएक्स हे जुनं युनिक्स वर्कस्टेशन खाली काढलं. मॉनिटर गेलेला आहे, कीबोर्ड ठीक, ऑप्टिकल माउस आहे आणि मुख्य म्हणजे त्याची ती बारीक रेघांची चकचकीत धातूची पाटी पण आहे, ती नसेल तर हा माउस हलतच नाही. आयपीएक्स म्हणजे १९९१ चं मशीन, ४० मेगाहर्ट्झचा स्पार्क प्रोसेसर, रॅम जास्तीत जास्त ६४ एमबी, लहानशी चौकोनी पेटी. सनवाले लोक याला लंचबॉक्स म्हणायचे. आत सनओएस ४.१.४ ही सनची ऑपरेटिंग सिस्टिम आहे असं काका म्हणतायत, म्हणजे बीएसडी (बर्कलीचं युनिक्स) वळणाच्या सनओएसची शेवटची आवृत्ती, त्यानंतर सगळं सोलारिस, सनची पुढची सिस्टिम.

काकांनी यावर इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी कंट्रोल सिस्टिम्सच्या नोट्स लिहिल्यात, पुण्यात बऱ्याच बॅचेस त्याच्या झेरॉक्सवर पास झाल्यात. बहुतेक प्रकरणं ट्रॉफमध्ये (साध्या टेक्स्टमधल्या सूचना वाचून पानं जुळवणारा युनिक्सचा प्रोग्रॅम), एमएस मॅक्रो म्हणजे त्याच्या तयार सूचना वापरून, समीकरणांसाठी ईक्यूएन आणि तक्त्यांसाठी टीबीएल. शेवटचं मोठं प्रकरण मात्र फ्रेममेकरमध्ये, हे पडद्यावरच पानं मांडायचं सॉफ्टवेअर. आता मूळ प्रिंट पिवळी पडलीय आणि झेरॉक्सच्या झेरॉक्सवर घातांक वाचता येत नाहीत. काकांची अट एकच, "अरे, नवीन टाइप नको करूस, पानं होती तशीच आली पाहिजेत." कारण मागची विषयसूची त्यांनी हाताने पान नंबर घालून केलेली आहे, पान सरकलं की सूची गेली.

या कामात मला जे बघायचंय ते असं की सनने पेटी आणि ऑपरेटिंग सिस्टिम दिली, पण कागदावर अक्षर उमटेपर्यंत मध्ये दुसऱ्यांची किती प्रॉडक्ट्स लागायची. सन तेव्हा कॅटॅलिस्ट नावाचा जाडजूड कॅटलॉगच काढायचं, फक्त बाहेरच्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअर हार्डवेअरचा. नेटवर्कचा डबा एकाचा, प्रिंटरचं सॉफ्टवेअर दुसऱ्याचं, डॉक्युमेंटचं तिसऱ्याचं. त्यातलं आज काय चालतं आणि काय अडतं ते इथे लिहून ठेवतो.

१० ऑगस्ट, शनिवार

आधी डिस्क. मशीन चालू न करता आतली स्कझी (डिस्क जोडायची जुनी पद्धत) डिस्क काढली, जुन्या पीसीत स्कझी कार्ड होतं त्याला लावून पूर्ण इमेज घेतली. थोडे सेक्टर वाचले गेले नाहीत पण ते स्वॅपच्या म्हणजे तात्पुरत्या मेमरीच्या भागात निघाले. लिनक्सवर सनची यूएफएस फाइल सिस्टिम वाचायला मिळते, माउंट करताना प्रकार सन म्हणून सांगावा लागतो आणि फक्त वाचायपुरती घ्यायची. ट्रॉफच्या सगळ्या फाइल लगेच उघडल्या कारण त्या साध्या टेक्स्ट आहेत. तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं "नायक्विस्ट प्लॉट" वालं प्रकरण मी मोबाइलवर वाचलं, काकांना दाखवलं तर ते चष्मा काढून बघत बसले.

फ्रेममेकरची फाइल मात्र बायनरी आहे. आजच्या फ्रेममेकरची वर्गणी एका प्रकरणासाठी भरायची हे काकांना पटत नाही आणि मलाही नाही, त्यांनी तेव्हा लायसन्सचे रीतसर पैसे मोजलेत आणि लायसन्सचा कागद पाकिटात जपून ठेवलाय. मग फ्रेममेकर याच मशीनवर चालवायचं.

आता खरी अडचण. पेटी चालू केली, मॉनिटर नाही म्हणून मागच्या सीरियल पोर्टवर ९६०० ला लॅपटॉप जोडला, कीबोर्ड काढून ठेवला की कन्सोल आपोआप सीरियलवर येतो. आणि पहिलाच मेसेज, आयडीप्रॉममधला (मशीनची ओळख ठेवलेल्या जागेतला) मजकूर अवैध आहे. या मशीनमध्ये एम४८टी०२ नावाची चिप असते, घड्याळ, सेटिंग्ज आणि मशीनची ओळख तिन्ही एकाच चिपमध्ये, आणि बॅटरी त्याच चिपच्या पोटात एपॉक्सीखाली बंद केलेली. बॅटरी साधारण दहा वर्षांची असते. ती संपली की मशीनला स्वतःचा इथरनेट पत्ता आठवत नाही आणि हॉस्टआयडी, म्हणजे मशीनचा ओळख नंबर, पण जातो.

हॉस्टआयडी जाणं इथे महत्त्वाचं आहे कारण वर्कस्टेशनवरची महागडी सॉफ्टवेअर्स याच नंबरला बांधलेली असायची. काकांच्या कागदावर छापलेला हॉस्टआयडी ५७ ने सुरू होतो, आयपीएक्सचा मशीन टाइपच ५७ आहे, म्हणजे कागद याच पेटीचा. तो नंबर परत आला नाही तर फ्रेममेकर उघडणारच नाही. म्हणजे बघा, शेवटच्या प्रकरणातली आकृती छापायची तर आधी एका चिपमधल्या बटण सेलपर्यंत जावं लागतंय.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी होती म्हणून चिपचं काम घेतलं. एका टोकाचं एपॉक्सी जपून घासलं, मेलेल्या बॅटरीचे दोन्ही संपर्क उघडे केले, जुना सेल तोडून बाजूला केला आणि बाहेर सीआर२०३२ चं होल्डर वायरने जोडलं. आता सेल संपला की दोन मिनिटांत बदलता येईल.

मग ओळख परत लिहायची. ही सनफोर-सी जातीची मशीन्स आधी जुन्या पद्धतीचा प्रॉम्प्ट देतात, तिथे एन दाबलं की फोर्थ या प्रोग्रॅमिंग भाषेचा ओके प्रॉम्प्ट येतो. आयडीप्रॉम फक्त सोळा बाइटचं. शून्याव्या जागी १, हा फॉरमॅट. पुढे मशीन टाइप ५७. मग इथरनेट पत्त्याचे सहा बाइट, सनचे पहिले तीन नेहमी ०८, ००, २०. मग तारखेचे चार, तिथे शून्य चालतात. मग हॉस्टआयडीचे उरलेले तीन बाइट, ते कागदावरून. आणि शेवटच्या जागी आधीच्या पंधरा बाइटांचा एक्सॉर, म्हणजे तपासणीचा आकडा. ओके प्रॉम्प्टवर एमकेपी नावाचा शब्द एकेक बाइट लिहितो आणि शेवटचा एक्सॉर काढायला तिथेच छोटं लूप चालवायचं. हे सगळं हेक्समध्ये, म्हणजे १६ आधाराच्या आकड्यांत.

रिसेट केल्यावर बॅनरमध्ये इथरनेट पत्ता आणि हॉस्टआयडी दोन्ही नीट आले, काकांना फोनवर वाचून दाखवले, ते पाकीट घेऊनच बसले होते, एकेक अंक जुळवत गेले.

डिस्कच्या जागी एसडी कार्डवाला स्कझी एम्युलेटर लावला, आयडी ३ ठेवून. सनफोर-सी वर सनओएसची पहिली डिस्क, एसडी०, ही स्कझी आयडी ३ वर असते आणि आयडी ० वरची डिस्क एसडी३ होते, हे उलटं आहे पण तसंच आहे. बूट झालं. लॉगिन आलं.

१८ ऑगस्ट, रविवार

नेटवर्क. आयपीएक्सला आरजे-४५ (आजचं नेटवर्क सॉकेट) नाहीच, पंधरा पिनांचं एयूआय सॉकेट आहे, त्याला बाहेरून ट्रान्सीव्हर, म्हणजे केबलशी जुळवून देणारा डबा, लावायचा. हा ट्रान्सीव्हर म्हणजे वर्कस्टेशनला लागणारं पहिलं परकं प्रॉडक्ट, जाड पिवळी केबल असेल तर एक, पातळ कोॲक्स असेल तर दुसरा, टेलिफोनसारखी ट्विस्टेड वायर असेल तर तिसरा, मशीन तेच. ही कल्पना मला फार आवडते, वायरिंग बदललं तरी मशीन बदलायला नको. ट्विस्टेड पेअरवाला ट्रान्सीव्हर जुन्या बाजारातून मिळाला, एयूआयची सरकपट्टीची कुलूपपट्टी ढिली असते त्यामुळे त्याला दोरीने आधार दिलाय.

लावला तर एलई० वर (मशीनच्या नेटवर्क पोर्टवर) नो कॅरिअर, ट्रान्सीव्हर केबलचा प्रॉब्लेम आहे का असं मशीनच विचारतं. केबल ठीक होती. घरचा नवा स्विच अडीच गिगाबिटवाला आहे आणि त्याचे पोर्ट १० मेगाबिटपर्यंत खाली उतरतच नाहीत. मध्ये जुना १०/१०० चा स्विच टाकला, लगेच दिवा लागला.

सनओएसच्या दोन जुन्या खोडी इथे लिहून ठेवतो कारण कुणाला लागतील. एक, ब्रॉडकास्ट पत्ता डिफॉल्टने शेवटी शून्य घेतो, ४.२ बीएसडीच्या काळची पद्धत, बाकी जग शेवटी २५५ धरतं. आरसी-लोकलमध्ये (बूट होताना चालणारी फाइल) आयएफकॉन्फिगला हाताने सांगून टाकलं. दोन, डीएनएस, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता शोधणं. सनओएस ४ नाव शोधायला होस्ट्सची फाइल किंवा एनआयएस (सनची नेटवर्कवरची सामायिक यादी) बघतो, रिझॉल्व्ह-कॉन्फ लिहून ठेवली म्हणून काही होत नाही, त्या काळात लोक एनआयएसमधून वळसा घालून डीएनएस घ्यायचे नाहीतर रिझॉल्व्ह-प्लस आणून शेअर्ड लिबसी (सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी सी लायब्ररी) नव्याने बांधायचे. मला चारच मशीन्स लागतात, होस्ट्समध्ये नावं लिहिली, विषय संपला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. होस्ट्स-इक्विव्ह फाइलमध्ये फक्त एक अधिकचं चिन्ह आहे. त्याचा अर्थ नेटवर्कवरच्या कुठल्याही मशीनवरून तेच युजरनेम असलेला कुणीही पासवर्डशिवाय आत. सन हे असंच पाठवायचं. ती ओळ काढली, आणि आयपीएक्स इंटरनेटपासून पूर्ण वेगळ्या नेटवर्कवर ठेवलंय, तिथेच राहील.

फाइल ने-आणीसाठी एनएफएस लावलं, म्हणजे दुसऱ्या मशीनची डिस्क नेटवर्कवरून वापरायची पद्धत. सनओएस ४ ला एनएफएसची दुसरी आवृत्तीच येते, ती पण यूडीपीवरून, आणि नव्या लिनक्सच्या सर्व्हरमध्ये दुसरी आवृत्ती मुळात बंद असते. नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम अजून देते, एका जुन्या लॅपटॉपवर ते टाकलं आणि काम झालं. काका सांगत होते, त्यांच्या लॅबमध्ये डॉसचे पीसी सनच्या डिस्कवर पीसी-एनएफएस घालून यायचे, आणि नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर, एनएफएस आणि फॉक्सप्रो हे तिघं ६४० केबीत बसवायला एक पोरगं कायम बसलेलं असायचं.

२५ ऑगस्ट, रविवार

प्रिंटिंग. ही आजची नोंद लांब होणार.

सनओएस ४ मध्ये बीएसडीचं एलपीआर (छापायला पाठवणारा प्रोग्रॅम) आणि एलपीडी (रांग सांभाळणारा) आहे, सगळी माहिती प्रिंटकॅप फाइलमध्ये. हा प्रोटोकॉल १९९० च्या ऑगस्टमध्ये आरएफसी ११७९ (इंटरनेटच्या नियमांचा कागद) म्हणून लिहून काढला गेला, तोपर्यंत तो नुसताच वापरात होता. पोर्ट ५१५. मी मध्ये एक रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ठेवलाय, त्यावर कप्स हे प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर आणि कप्सचा एलपीडी भाग चालू केला, घोस्टस्क्रिप्ट आहेच, पुढे घरचा नेटवर्क लेझर. लेझरला पोस्टस्क्रिप्ट (पान सूचनांमध्ये सांगायची भाषा) येत नाही, ते काम घोस्टस्क्रिप्ट करेल. एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये पहिलं घोस्टस्क्रिप्ट दिलं, आणि ज्यांना पोस्टस्क्रिप्टचा प्रिंटर परवडत नव्हता अशा सगळ्यांची सोय झाली, माझी आज होतेय. कप्स १९९९ चं, इझी सॉफ्टवेअर प्रॉडक्ट्सचं, हीच कंपनी सन, एसजीआय वगैरे युनिक्सवाल्यांना ईएसपी प्रिंट प्रो विकायची. म्हणजे तिसऱ्याचंच प्रॉडक्ट, पुढे जाऊन लिनक्स आणि मॅक दोन्हीत घरचं झालेलं.

पहिलं टेस्ट पेज पाठवताना पायवर पॅकेट बघत बसलो. पहिला बाइट ०२, मागोमाग रांगेचं नाव, मग नवी ओळ, म्हणजे "या रांगेसाठी काम घे". पलीकडून एक शून्य बाइट, घेतलं. मग डेटा फाइल येणार, किती बाइटची आणि नाव काय, पुन्हा शून्य. मग कंट्रोल फाइल तसंच. कंट्रोल फाइलमध्ये होस्टचं नाव, युजरचं नाव आणि फाइल कशी छापायची त्याचं एक अक्षर. बस. १९९४ ची ऑपरेटिंग सिस्टिम आणि माझा आजचा पाय यांचं एकमेकांशी पटायला कुणाची परवानगी लागली नाही, कुठलाही नंबर जुळवावा लागला नाही. पानावर अक्षरं आली.

तीन गोष्टी मात्र सेट कराव्या लागल्या. प्रिंटकॅपमध्ये एमएक्स (फाइलच्या आकाराची मर्यादा) दिलं नाही तर जवळपास एक एमबीच्या वरची फाइल एलपीआर कापतं, समीकरणांची प्रकरणं त्याच्या वर जातात, म्हणून एमएक्सला शून्य, म्हणजे मर्यादा नाही. दुसरं, प्रिंटकॅपमध्ये लांबच्या मशीनचं नाव दिलं की या मशीनवरचा फिल्टर चालतच नाही, फाइल जशीच्या तशी पुढे जाते. त्याला जुना तोडगा असा की दोन रांगा करायच्या, पहिली स्थानिक, तिचा फिल्टर पोस्टस्क्रिप्ट बनवतो आणि स्वतःच दुसऱ्या रांगेला एलपीआर करतो, दुसरी फक्त पाठवते. तिसरं, आरएफसीप्रमाणे पाठवणाऱ्याने ७२१ ते ७३१ याच पोर्टवरून बोलायचं, म्हणजे अकराच पोर्ट. लहान लहान जॉब धडाधड पाठवले की पोर्ट थोडा वेळ अडकून राहतात आणि रांग उगाच थांबल्यासारखी दिसते. प्रत्येक प्रकरणाची एकच मोठी फाइल करून पाठवायची, मग प्रश्नच येत नाही.

काकांच्या लॅबमध्ये ॲपलचा लेझररायटर होता, १९८५ चं मॉडेल, ३०० डीपीआय, आत मोटोरोला ६८००० आणि दीड एमबी रॅम. तो सनला सीरियल केबलने, ९६०० वर. आता हिशोब करा, ३०० डीपीआयला ए-४ चं पूर्ण पान बिटमॅप म्हणून साधारण १.१ एमबी होतं, आणि ९६०० म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. एका पानाला एकोणीस मिनिटं! म्हणूनच पोस्टस्क्रिप्ट लागलं, पान चित्र म्हणून नाही, सूचना म्हणून पाठवायचं, अमुक फॉन्ट, अमुक जागा, ही अक्षरं. काही केबीत पान जातं. वर्कस्टेशनवरून छापायचं म्हणजे पोस्टस्क्रिप्ट हे जे समीकरण झालं ते याच्यामुळे, आणि काका आजही "पीएस काढ" असंच म्हणतात.

१ सप्टेंबर, रविवार

ट्रॉफ. या प्रकल्पातला मला सगळ्यात आवडलेला भाग.

पहिलं प्रकरण आधी लिनक्सवर ग्रॉफमधून, म्हणजे ट्रॉफच्या आजच्या मुक्त आवृत्तीतून, काढून बघितलं. सुंदर आलं, समीकरणं स्वच्छ, पण प्रकरण काकांच्या प्रतीपेक्षा वेगळ्या पानावर संपलं. कारण शोधायला काकांची जुनी प्रत आणि नवी शेजारी ठेवली आणि पट्टीने मोजत गेलो. काकांनी उपशीर्षकांना १३ पॉइंट मागितलेत. ग्रॉफने खरोखर १३ दिले. जुन्या प्रतीत ते १४ आहेत.

ते का, तर सनओएस ४ मधलं ट्रॉफ हे जो ओसाना यांनी लिहिलेलं मूळ वळणाचं ट्रॉफ आहे. ते ग्राफिक सिस्टिम्सच्या कॅट नावाच्या फोटोटाइपसेटरसाठी लिहिलेलं, त्या मशीनमध्ये फिल्मवर अक्षरांचे साचे असायचे, प्रत्येक फॉन्टचे १०२, एका वेळी चारच फॉन्ट, आणि साइझ पंधरा, ६ पासून ३६ पर्यंत. १२ नंतर थेट १४. तेराचा साइझ नाहीच, मागितला तर पुढचा मोठा मिळतो. प्रकाश फिल्ममधून फोटो कागदावर टाकायचा आणि कागद रसायनात धुवायचा. काकांनी ते मशीन कधी बघितलं पण नव्हतं, त्यांचा प्रिंटर लेझररायटर, तरी त्या मशीनच्या मर्यादा त्यांच्या नोट्सच्या पान नंबरात आहेत.

ओसाना १९७७ मध्ये गेले. नंतर ब्रायन कर्निगन यांनी ट्रॉफ कुठल्याही उपकरणासाठी चालेल असं केलं, ते डिट्रॉफ, पण एटी अँड टीने ते डॉक्युमेंटर्स वर्कबेंच नावाने वेगळे पैसे घेऊन दिलं. त्यामुळे सनसारख्यांच्या मशीनवर जुनंच ट्रॉफ राहिलं आणि मधली जागा बाहेरच्यांनी भरली. टोरंटोच्या सॉफ्टक्वाडचं एसक्यूट्रॉफ, कॅलिफोर्नियातल्या एलनचं ईरॉफ. आणि ज्यांना जुनं ट्रॉफच पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरवर न्यायचं होतं त्यांच्यासाठी ॲडोबीचं ट्रान्सस्क्रिप्ट. त्यात पीएसकॅट नावाचा प्रोग्रॅम आहे, तो कॅट मशीनसाठीचे कोड वाचतो आणि पोस्टस्क्रिप्ट लिहितो, म्हणजे बंद पडलेल्या फोटोटाइपसेटरचं सोंग घेतो. सोबत पीट्रॉफ, जो ट्रॉफ आणि पीएसकॅट दोन्ही एकत्र चालवतो आणि टाइम्स फॉन्टच्या खऱ्या रुंदीचे तक्ते ट्रॉफला देतो.

काकांच्या डिस्कवर ट्रान्सस्क्रिप्ट आहे! टेपवरून घातलेलं, यूएसआर-लोकलमध्ये. त्याला हॉस्टआयडी लागत नाही, कुलूप नाही. टीबीएलमधून ईक्यूएन, ईक्यूएनमधून पीट्रॉफ, पुढे एलपीआर. ४० मेगाहर्ट्झवर एका प्रकरणाला चहा होतो. पहिलं प्रकरण जुन्या प्रतीच्याच पानावर, त्याच ओळीवर संपलं. उजेडात दोन्ही कागद एकावर एक धरून बघितले, ओळीवर ओळ बसते.

एकच फरक, ट्रान्सस्क्रिप्टच्या डिफॉल्टला अमेरिकन लेटर कागद आहे, काकांनी तेव्हाच वरच्या समासाला एक ओळ घालून ए-४ चं जमवलं होतं. ती ओळ फाइलमध्ये आहे, तशीच ठेवली.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती. मशीन बंद. विसर्जनापर्यंत काम नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

फ्रेममेकर. हे १९८० च्या दशकात चार्ल्स कॉरफिल्ड यांनी सनवरच सुरू केलं, कंपनी फ्रेम टेक्नॉलॉजी, सॅन होजेची, १९९५ मध्ये ॲडोबीने घेतली. त्याच्या समोर इंटरलीफ होतं, केंब्रिज मॅसॅच्युसेट्सचं, विमान आणि संरक्षणवाल्यांची जाडी मॅन्युअल्स त्यावर व्हायची. काकांनी फ्रेममेकर घेतलं कारण त्यात आकृती आणि मजकूर एकाच खिडकीत व्हायचे, ट्रॉफमध्ये ब्लॉक डायग्रामला पीआयसी (आकृतीच्या सूचनांची भाषा) लिहीत बसावं लागायचं.

हॉस्टआयडी आता कागदाशी जुळतो, त्यामुळे लायसन्स तपासणी पहिल्या फटक्यात पास. मॉनिटर नाही, पण फ्रेममेकर एक्सचा (युनिक्सच्या खिडक्यांच्या पद्धतीचा) प्रोग्रॅम आहे, त्याला कुठल्या पडद्यावर दिसायचं ते नेटवर्कवरून सांगता येतं. माझ्या लॅपटॉपवर झेफिर हा एक्सचा सर्व्हर चालवला, ११५२ बाय ९०० आणि ८ बिट रंगात, कारण जुने प्रोग्रॅम २५६ रंगांचा तक्ताच मागतात. टीसीपीवर ऐकणं हल्ली बंद असतं ते चालू केलं, ॲडोबीचे ७५ डीपीआयचे जुने बिटमॅप फॉन्ट टाकले. आयपीएक्सवर डिस्प्ले व्हेरिएबल लॅपटॉपकडे वळवलं आणि फ्रेममेकरची ती राखाडी खिडकी लॅपटॉपवर उघडली. एक्स ११ १९८७ चं आहे, पलीकडचा सर्व्हर या वर्षीचा, दोघांची भाषा तीच.

काका शेजारी बसले होते. माउस हातात घेतला, थेट रूट लोकसच्या आकृतीवर गेले आणि म्हणाले, "हा बाण मी उलटा काढला होता, राहूनच गेलं." बाण सरळ केला. तेवढा एकच बदल त्यांनी या सगळ्या नोट्समध्ये स्वतः केला.

छापण्याआधी मी एक गोष्ट करून ठेवली, पूर्ण प्रकरण एमआयएफमध्ये सेव्ह केलं. एमआयएफ म्हणजे फ्रेममेकरचाच टेक्स्ट फॉरमॅट, कंपनीने पूर्ण लिहून दिलेला, परिच्छेद, फॉन्ट, रेषा सगळं वाचता येतं. आता हे प्रकरण त्या बटण सेलवर अवलंबून नाही. माझं म्हणणं आहे की ज्यांच्याकडे अशा मशीनवर फ्रेममेकरच्या फाइल पडून आहेत त्यांनी मशीन चालू आहे तोवर हे पहिलं करावं, प्रिंट नंतर. काकांनी जपलेला कागद नसता तर हे प्रकरण आज उघडलंच नसतं, आणि लायसन्सचे असे कागद किती जणांनी जपले असतील?

२ ऑक्टोबर, बुधवार

काकांना नव्या प्रतीला मराठी प्रस्तावना हवीय, आणि ती पण याच मशीनवर काढायची. ट्रॉफमध्ये देवनागरी नाही. पण डिस्कवर टेक् (ट्रॉफसारखाच पानं जुळवणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं पोस्टस्क्रिप्ट करणारं डीव्हीआयपीएस आहे, आणि फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनमध्ये केलेलं देवनाग मिळतं, एक सी प्रोग्रॅम जो रोमनमध्ये टाइप केलेला मजकूर टेक्साठी देवनागरी करतो, सोबत मेटाफॉन्ट या टेक्सोबतच्या फॉन्ट बनवायच्या प्रोग्रॅममधला फॉन्ट. त्याच काळात अविनाश चोपडे यांचं आयट्रान्स पण होतं, ते पण चांगलं, पण मला देवनागची अक्षरं जास्त आवडतात. सनओएसबरोबर येणारा सी कंपायलर जुन्या के अँड आर पद्धतीचाच (सी च्या पहिल्या वळणाचा) आहे म्हणून आधी त्याच्याने जीसीसी हा मुक्त कंपायलर बांधून घेतला, रात्रभर चालू ठेवून.

टाइप करताना टी च्या आधी टिंब दिलं की ट, नाहीतर त, असं सगळं. फॉन्टची मुंबई वळणाची आवृत्ती घेतली, त्यात अ, झ आणि ण आपल्या सवयीचे येतात. "दुसऱ्या" आणि "विद्यार्थ्यांच्या" हे दोन शब्द मुद्दाम प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात आहेत, आणि "ऱ्या" चा र बरोबर आडवा आला, रफार होऊन वर गेला नाही.

मेटाफॉन्टला प्रिंटरचा मोड सांगावा लागतो. डिस्कवर सीएक्स होता, म्हणजे लेझररायटरमधल्या कॅननच्या इंजिनसाठीचा ३०० डीपीआय. आजच्या लेझरवर त्याने शिरोरेघ जाड आणि थोडी दातेरी येते. ६०० डीपीआयचा एलजेफोर मोड घेतला आणि फॉन्ट पुन्हा काढला. एकेक अक्षराचा नंबर स्क्रीनवर उमटत जातो, प्रत्येकाला सेकंद दोन सेकंद. शिरोरेघ आता सलग आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

सगळी प्रकरणं छापून झाली, सूचीतले पान नंबर काकांनी पेन्सिलने टिक करत तपासले, सगळे जुळले. ट्रॉफच्या मूळ फाइल, प्रत्येक प्रकरणाचं पोस्टस्क्रिप्ट, एमआयएफ आणि प्रस्तावनेची टेक् फाइल हे सगळं दोन डिस्कवर ठेवलंय, प्रिंटकॅपच्या दोन्ही ओळी आणि आयडीप्रॉमचे सोळा बाइट पण कागदावर लिहून लायसन्सच्या पाकिटात घातलेत. स्पायरल बायंडिंगला उद्या देतो. काकांच्या जुन्या कॉलेजमधल्या एका मॅडमकडे अजून एक आयपीएक्स आहे, त्यात डेटा स्ट्रक्चर्सच्या नोट्स इंटरलीफमध्ये आहेत म्हणे, चिपची बॅटरी अर्थातच गेलेली. त्यांना लायसन्सचा कागद शोधून ठेवायला सांगितलंय.